आधी जाळी, मग लोकर

आमच्या गाड्या धुवायच्या केंद्रात नवा हातमोजा आला की मी तो आधी पाण्यात भिजवते, पिळते आणि ओठांवरून फिरवते. मग डोळा मिटून पापणीवरून. कामाला नव्या लागलेल्या मुली एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. ज्या हातांनी भांडी, फरशा आणि गाड्या धुतल्यात त्या हातांना लोकर आणि तरट यांतला फरक कळतो, पण लोकरीच्या मुळाशी बसलेला एक कण कळत नाही. ओठाला कळतो. आणि गडद रंगाचा मोजा मी घेतच नाही. विकायला येणारा दर वेळी सांगतो, "मॅडम, ग्रे घ्या, मळ दिसत नाही." अरे, मळ दिसत नाही म्हणून घ्यायचा? दिसलाच पाहिजे मळ! हे मी इतक्या तावातावाने बोलते की तो बिचारा पिशवी आवरायला लागतो. त्याला काय ठाऊक, राग त्याच्यावर नाही. राग खराडीतल्या एका पार्किंगवर आहे, आणि त्यातला बराचसा माझ्या स्वतःवर. इतकी वर्षं झाली, माझ्या हातांवरच्या शिरा आता आत्याच्या हातांसारख्या दिसायला लागल्या, तरी तो राग काही निवत नाही. म्हणून एकदा लिहून काढते.

शाळा आठवीत का सुटली आणि वाशिमकडचं घर का सोडावं लागलं, ते इथे सांगत बसत नाही. पुण्यात आले ती कांताआत्याकडे, म्हणजे माझ्या वडिलांच्या थोरल्या बहिणीकडे. हडपसरला तिची एक खोली होती, लोखंडी जिना चढून वर. खाली दगड कापायचा कारखाना. ओट्याचे ग्रॅनाइट, पायऱ्यांचा कडप्पा, सगळं तिथे कापलं जायचं. सकाळी नऊला करवत सुरू व्हायची आणि खोलीतली भांडी मांडणीवर बारीक थरथरायला लागायची. पहिल्या दिवशी मला वाटलं भूकंप झाला, मी आत्याचा हात धरला. ती म्हणाली, "घाबरू नको वं, तो दगड रडते. सवय होते." आवाजाची झाली, धुळीची नाही झाली. ती राखाडी, चमचम करणारी धूळ बंद खिडकीतूनही यायची. आत्या भाकरी थापताना खिडकीकडे पाठ करून बसायची, वरणावर ताट, ताटावर ओलं फडकं, फडक्यावर पुन्हा वाटी. तरी घासात कच लागायचीच. आंबाडीच्या भाजीत, ठेच्यात, चहातसुद्धा. आमच्या घरात पहिला घास कोणी जोरात चावायचं नाही. पुढच्या दातांनी हळूच चाचपायचा, कचकचलं तर बाजूला थुंकायचं, मग पुढे जेवायचं. मी अजूनही तशीच जेवते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझा पहिला घास सगळ्यांच्या शेवटी गिळून होतो.

कपडे वाळत घालायची दोरी बाहेर, जिन्याच्या कठड्यापासून खांबापर्यंत, म्हणजे बरोबर करवतीच्या डोक्यावर. आत्याची शिस्त होती: वाळलेला कपडा काढताना तीन वेळा झटकायचा. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, एकदा खाली. झटकला की धूळ गेली. साडीची जाते, ओढणीची जाते. ही तीन झटक्यांची शिस्त पुढे आमच्या अंगाशी आली.

आत्या खराडीतल्या एका सोसायटीत गाड्या धुवायची. भल्या सकाळी आम्ही निघायचो, तिच्या हातात दोन डबे, माझ्या हातात फडक्यांची पिशवी. मला सगळ्याचीच धास्ती. नळ नीट बंद केला का, बादली कुणाच्या वाटेत तर नाही ना, लिफ्टचं बटण दाबलं तर ओरडतील का. पुण्याचे लोक ओरडत नाहीत हे मला नंतर समजलं. ते शांतपणे एक वाक्य बोलतात, आणि ते वाक्य आपल्याबरोबर घरी येतं. आत्या मात्र तिथे राणीसारखी वावरायची. तिची फडकी म्हणजे वापरून वापरून मऊ झालेल्या सुती साड्या. कुठल्या गाडीला कुठली साडी हे ठरलेलं. "गाडी म्हंजे तान्ह्या लेकराचं अंग समज," मला सांगायची, "घासाचं नाही, पुसाचं."

सातशे दोनमधल्या पानसेकाकांची गाडी काळी होती. काका बँकेतून निवृत्त झालेले, मूळचे शनिवार पेठेतले, सोसायटीचे सेक्रेटरी. आयुष्यातली पहिली गाडी त्यांनी निवृत्त झाल्यावर घेतली होती आणि तिच्यावर त्यांचा जीव होता, हे खोटं कशाला बोलू. टायरमधली हवा किती, हे त्यांना स्वतःच्या रक्तदाबापेक्षा जास्त पाठ होतं. एके सकाळी ते खाली आले आणि आत्याच्या हातातल्या साडीच्या फडक्याकडे बघून म्हणाले, "बाई, हे आपण गाडीला नेसवणार आहात का?" आत्या हसली. तिला वाटलं गंमत केली. मग त्यांनी मागे धरलेला हात पुढे केला. हातात एक मोजा. राखाडी, एका बाजूला लांब लांब लोकर, दुसऱ्या बाजूला नायलॉनची जाळी. सिग्नलवर विकत घेतला होता. "आजपासून माझ्या गाडीला फक्त हा. पेंट म्हणजे काय, आपल्याला कल्पना नाही. आणि हे वाचता येतं ना कुणाला?" असं म्हणून त्यांनी एक चिठ्ठी दिली. सुंदर अक्षर. त्यात लिहिलं होतं: आधी जाळीची बाजू, मग लोकरीची. जाळीने मळ सुटेल, लोकरीने पुसला जाईल. मोजा रोज धुऊन आणावा.

चिठ्ठी मी वाचून दाखवली. आत्याला अक्षर येत नव्हतं, पण आज्ञा झाली की ती पाळायची, हे तिला फार येत होतं. मी म्हटलं, "आत्या, जाळी टोचते." ती म्हणाली, "सायेबांनं पाहून आणला असंन." रोज ती तो मोजा घरी आणायची, साबणाने धुवायची, दोरीवर वाळत घालायची आणि निघताना तीन वेळा झटकायची. डावीकडे, उजवीकडे, खाली. मीही झटकायचे. मला ते काम आवडायचं. मोजा हातात घातला की हात मोठ्या माणसाचा वाटायचा.

महिनाभराने, भर उन्हात, काकांनी गाडी पार्किंगमधून बाहेर काढली. आम्ही शेवटच्या गाडीपाशी होतो. त्यांनी आत्याला बोटाने बोलावलं. काळ्या बॉनेटवर ऊन पडलं होतं आणि त्या उन्हाभोवती जाळं दिसत होतं. कोळ्याने विणावं तसं, गोल गोल, बारीक. त्यातून काही जाड सरळ रेघा.

"हे काय आहे?" काका म्हणाले.

"सायेब, मोज्यानंच धुतली."

"मोज्याने धुतली की विटेने?"

आसपास चार जण उभे राहिले होते. एका ताईंनी आपल्या गाडीकडे धाव घेतली आणि वाकून बघायला लागल्या. मला वाटलं आता आत्या सांगेल, की मोजा तुम्ही दिला, चिठ्ठी तुम्ही दिली. आत्याने हात जोडले. ओले, पांढरे पडलेले हात. "चुकलं असंन सायेब. माफी करा." काय चुकलं, हे तिने विचारलंसुद्धा नाही! काकांचा राग आला तो आलाच, पण त्याहून जास्त त्या जोडलेल्या हातांचा आला. ते हात मी खाली ओढले असते, तेवढी हिंमत मात्र झाली नाही. मी फडक्यांची पिशवी छातीशी धरून उभी राहिले.

दुसऱ्या सकाळी लिफ्टपाशी फळ्यावर कागद लागला होता. ठसठशीत मार्करने: "गाड्या धुणाऱ्या बाईंच्या निष्काळजीपणामुळे वाहनांच्या रंगावर ओरखडे पडत आहेत. पुढील महिन्यापासून सदर बाईंना प्रवेश बंद." आत्याने विचारलं, "काय लिवलं वं?" मी वाचलं. अकरा गाड्या होत्या तिच्या त्या सोसायटीत. ते दार बंद झालं की पुण्यातली खोली बंद, आणि मग माझं गाव, जिथे मला परत जायचं नव्हतं. पण खरं सांगू, तेव्हा ते काही मनात आलं नाही. मनात एकच आलं: त्याचा मोजा, त्याची चिठ्ठी, आणि निष्काळजी माझी आत्या?

त्या दुपारी मी मोजा आणि चिठ्ठी घेऊन हडपसरच्या गाडीतळाजवळ रशीदचाचांकडे गेले. त्यांचं गाड्या रंगवायचं आणि पॉलिशचं दुकान होतं. त्यांच्या घराण्यात रंगकाम आजोबांपासून, आधी टांग्यांना रंग देत, मग मोटारींना. जाता-येता ओळख झालेली, इतकीच. मी एका दमात सगळं सांगितलं आणि म्हटलं, "चाचा, तुम्ही फक्त सांगा की चूक त्याची आहे."

"बेटा, मी वकील नाही," ते म्हणाले. "बस. आधी बघू दे."

त्यांनी दोन जुन्या सीडी काढल्या. चमकती बाजू वर केली. मोजा ओला करून जाळीची बाजू पहिलीवर दोन वेळा फिरवली आणि सीडी उन्हात धरली. जाड सरळ रेघा. मी टुणकन उठले. "दिसलं ना? दिसलं ना?"

"बस म्हटलं ना." मग लोकरीची बाजू त्यांनी दुसरीवर फिरवली. उन्हात धरली. त्या सीडीवर जाळं होतं. गोल, बारीक, काकांच्या बॉनेटवर होतं तसं हुबेहूब.

चाचांनी मोजा ओठांवरून फिरवला, तोंड वाकडं केलं आणि एका पांढऱ्या ताटलीत पाणी घेऊन त्यात मोजा उलटा करून मुळापासून दाबला. पाणी स्थिर झालं तसं तळाशी काहीतरी चमकलं. राखाडी. मी ते ओळखलं. ते मी रोज जेवत होते.

"वाळवता कुठं?" चाचांनी विचारलं.

मी सांगितलं. सांगताना माझी जीभ आपोआप दातांवरून फिरली.

"लोकर लांब असते, बेटा. झटकलं की धूळ आत जाते, बाहेर नाही येत." आणि मग, जणू मी कोणी शिकाऊ कारागीर आहे अशा आवाजात, त्यांनी मला मोजा कसा निवडायचा ते शिकवलं. जाळी नको, उघडी शिवण नको, प्लास्टिकचं लेबल शिवलेलं असलं तर आधी ते उसवायचं. लोकर दाट हवी. मळ उचलणारा तर हवाच, पण बादलीत बुडवल्यावर तो सोडून देणाराही हवा. धरून ठेवणारा मोजा घातक. दोन बादल्या, एक साबणाची, एक मोजा खळबळायची. चाकांना वेगळा मोजा, तो वर कधीच आणायचा नाही. खाली पडला तर त्या दिवशी तो मेला. "आणि रंग पांढरा. आपली चूक आपल्याला आधी दिसली पाहिजे, गिऱ्हाइकाला नंतर." त्यांनी आपल्याकडचा एक पांढरा मोजा मला दिला. घे म्हणाले, आणि परत कामाला लागले. मला आयुष्यात कोणी काही शिकवलं असेल तर त्या अर्ध्या तासात. आज माझ्या केंद्रात जे काही नीट चालतं ते त्या ताटलीतून आलेलं आहे.

पण त्या दिवशी मी त्यांचं ऐकूनही ऐकलं नाही. निघताना दुसरी सीडी मी पिशवीच्या तळाशी घातली, पांढऱ्या मोज्याखाली. पहिली हातात ठेवली.

तिथूनच खराडीला जाऊन सातशे दोनची बेल मी एकटीनेच वाजवली. काकांनी दार उघडलं. "काय?" मी मोजा, चिठ्ठी आणि सीडी पुढे केली. "जाळीनं असं होते. असं होतं," मी घाईने बोलणं सुधारलं. "तुमच्याच अक्षरात लिहिलंय. आधी जाळी." त्यांनी चष्मा लावला, सीडी खिडकीशी नेली, तिच्यावर स्वतः नखाने चाचपून पाहिलं. चिठ्ठी वाचली, जणू दुसऱ्याच कुणीतरी लिहिली होती. मग म्हणाले, "हं. मान्य."

"मग फळ्यावर लिहा."

"काय लिहू?"

"की चूक तुमची आहे."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बघू," म्हणाले, आणि दार लावलं. म्हणजे आरोप सगळ्यांसमोर, आणि माफी दाराच्या फटीत! मी जिन्याने उतरले, सात मजले, प्रत्येक मजल्यावर मनातल्या मनात त्यांना काहीतरी सुनावत. तरी आत कुठेतरी जिंकल्यासारखं वाटत होतं, आणि त्या वाटण्याला मधेच कच लागत होती.

घरी मी आत्याला रंगवून सांगितलं. त्यांचा चेहरा, त्यांचं "हं", सगळं. आत्या ऐकत होती. चाचांनी दिलेला मोजा बघायला तिने पिशवीत हात घातला आणि मोज्याबरोबर दुसरी सीडी बाहेर आली. तिने ती खिडकीशी धरली. जाळं दिसायला अक्षर यावं लागत नाही.

"हे कायचं?"

मला खोटं बोलता आलं असतं. चाचांनी मोजा ओठांवरून फिरवल्याचं, ताटलीचं, मी सगळं सांगून टाकलं. दोरीचं सांगितलं. झटकण्याचं सांगितलं. मग घाईघाईने म्हटलं, "पण ते त्याले सांगाची काय गरज? जाळी त्याचीच होती ना! आधी जाळी त्यानंच लिवलं!" आत्या उठली, बाहेर गेली आणि दोरी सोडून आत घेऊन आली. खोलीत आडवी बांधली, इतकी खाली की आम्हाला वाकून चालावं लागे.

दुसऱ्या सकाळी काका पार्किंगमध्ये आले तेव्हा तिने बादली खाली ठेवली आणि माझ्या देखत सांगितलं, "सायेब, जाळी तुमची, पन धूळ आमची हाय. दगडाच्या कारखान्यावर वाळत घालत होतो. बारीक जाळं त्याचं हाय."

काका गोंधळले. चष्मा काढून त्यांनी तो सदऱ्याला पुसला. म्हणाले, "हे मला सांगायची काय आवश्यकता होती?"

आत्याने खांदे उडवले आणि ते वर निघून गेले. मी तिच्यावर अक्षरशः फुटले. "काहून सांगितलं? काहून? त्यानं एक शब्द लिवला नाही फळ्यावर, अन् तू त्याले बहाणा देऊन रायली? आता काढतेच पाहा तो आपल्याले!" माझा आवाज पार्किंगभर घुमत होता. आत्या फडकं पिळत होती.

"जेवताना कच लागली तर तू काय करते?" तिने विचारलं. "गिळते?"

"थुंकते."

"मंग," ती म्हणाली.

संध्याकाळी काही कळलं नाही. रात्रभर मला डोळ्यांसमोर गावाकडची एसटी दिसत होती. सकाळी गेलो तर फळ्यावर तोच कागद होता, आणि त्याच्याखाली त्याच मार्करने: "वरील सूचना रद्द. मोजा माझा होता. धूळ त्यांची होती. बाई पूर्ववत येतील."

आत्याला वाचून दाखवलं. तिचा चेहरा सैलावला. अकरा गाड्या राहिल्या, खोली राहिली, मीही पुण्यात राहिले. मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलंही, क्षणभर. मग मी तो कागद पुन्हा वाचला. सदर बाई. बाई. सात वर्षं ती त्या माणसाच्या सोसायटीत पाणी भरत होती. त्याला टायरमधली हवा पाठ होती. शेजारच्याच टेबलावर वॉचमनची वही होती, तिला दोरीने पेन बांधलेलं. मी ते ओढलं. दोरी पुरेना. मी हिसका दिला, ती तुटली. वॉचमन "ए, ए!" करत मागे आला. आठवीनंतर हातात पेन धरलं नव्हतं, आणि अक्षर तर रागाने आणखी वाकडं येत होतं. काकांच्या सुंदर अक्षराखाली मी लिहिलं: "बाईंचं नाव कांताबाई आहे."

"काय लिवलं?" आत्याने विचारलं.

"तुहं नाव."

"कोनतं?"

मी बोट ठेवलं. तिने ओला हात पदराला पुसला, कागदाला मात्र लावला नाही. बघत राहिली, सीडीवरचं जाळं बघितलं होतं तितक्याच बारकाईने. वॉचमन मागून म्हणत होता, "दोरी कोण बांधून देणार आता?"

"चाल," आत्या म्हणाली. "सातशे दोनची राह्यली."

मी दोन्ही बादल्या भरल्या. काळ्या गाडीपाशी आत्याने तो पांढरा मोजा पाण्यात बुडवला, पिळला आणि हात घालायच्या आधी ओठांवरून फिरवला. डोळे मिटून थांबली. मग मान हलवली, नाही म्हणून, आणि तो परत बादलीत बुडवला.